रोकामादूर आणि परिसर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सच्या नैऋत्येकडच्या या छोट्या गावाबद्दल मराठी प्रवाशांकडून तेच ते प्रश्न येत राहतात. काही युरोपात शिकणाऱ्या मुलांचे असतात, काही भारतातून आलेल्या आई-बाबांना कुठे न्यायचं या चिंतेत असलेल्यांचे. इथे ते सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रोकामादूर नक्की कुठे आहे आणि तिथे आहे तरी काय?

ऑक्सितानी प्रदेशातल्या लॉत जिल्ह्यात. कायम वस्ती सहाशेच्या आसपास, पण वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं येऊन जातात. खाली आल्झू नदीची अरुंद दरी, तिच्या काठावर एकाच रस्त्याची घरं, घरांच्या डोक्यावर कड्याला चिकटलेली देवळं, देवळांवर चुनखडीचा कडा आणि कड्याच्या माथ्यावर किल्ला. आपल्या सप्तशृंगीसारखं समजा: देवी माथ्यावर नाही, कड्याच्या मधोमध, आणि तिथे पोहोचायला पायऱ्या. इथली देवी म्हणजे अक्रोडाच्या लाकडात कोरलेली बाराव्या शतकातली काळी मेरी. तिच्यामुळे मध्ययुगात हे स्थान युरोपातल्या मोठ्या यात्रांपैकी एक झालं.

गाव पाहून लगेच निघू नका. आजूबाजूला भूगर्भातली नदी, चित्रं असलेल्या गुहा, कोरड्या दऱ्या आणि मेंढपाळांचं माळरान आहे. गाव आणि हा सगळा परिसर एकाच चुनखडीतून घडला आहे (कसा ते प्रश्न १२ मध्ये).

२. गाडी नसेल तर जाता येतं का?

येतं, पण हातात वेळ हवा. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्थानकावरून ब्रीव्हपर्यंत साधारण साडेचार तास, तिथून लहान गाडीने पाऊण तासाच्या आसपास. पॅरिस ते रोदेझ ही रात्रीची गाडीसुद्धा याच मार्गाने जाते. झोपून सकाळी उतरायचं असेल तर तिचे थांबे वेळापत्रकात पाहून घ्या. स्टेशनचं नाव ‘रोकामादूर-पादिराक’.

बरेच जण फसतात ते या नावामुळे. स्टेशन माळावर एकटं उभं आहे. गाव तिथून चार-पाच किलोमीटर आणि पादिराक त्याहून बरंच लांब. बाहेर रिक्षा-टॅक्सीची रांग नसते. मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून टॅक्सी आधीच ठरवा, किंवा सामान कमी असेल तर चालत जा. रस्ता बराचसा सपाट आहे आणि शेवटी माथ्यावरच्या लॉस्पिताले वस्तीपाशी समोर अख्खं गाव उघडतं.

३. तुलूझहून गाडीने किती वेळ? भारतीय लायसन्स चालतं का?

सुमारे १६५ किलोमीटर, दोन तासांच्या आसपास. बराचसा रस्ता ए-२० महामार्गाचा. थोड्या दिवसांच्या सहलीसाठी भारतीय लायसन्स चालतं, पण सोबत आंतरराष्ट्रीय परवाना किंवा अधिकृत फ्रेंच भाषांतर असू द्या. भाड्याची गाडी देणारे बहुतेक जण तो मागतातच. महामार्ग सोडल्यावरचे रस्ते अरुंद आणि वळणांचे आहेत. डावीकडून चालवायची सवय हातात असताना हे रस्ते अंधारात पहिल्यांदा घेऊ नका.

४. एक दिवस पुरतो का?

गाव आणि पादिराक हे एका दिवसात बसतं. तरी माझं मत विचाराल तर एक रात्र राहाच. बस येतात अकराच्या सुमारास आणि पाच वाजता परत फिरतात. त्या मधल्या वेळेत तो एकमेव रस्ता म्हणजे दुकानांची गर्दी, आईस्क्रीम आणि सेल्फी-स्टिक. सकाळी साडेआठला तोच रस्ता रिकामा असतो आणि जिना चढताना स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येतो. दोन रात्री असतील तर गुहा आणि दरीतली पायवाटही होते.

५. कोणत्या महिन्यात जावं?

मे-जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असतं, पार्किंग भरतं आणि पादिराकची तिकिटं आधीच संपतात. सप्टेंबरमध्ये दोन कारणं जास्तीची आहेत. ८ सप्टेंबरला मेरीचा जन्मदिवस, त्या सुमाराला यात्रेचा आठवडा असतो. महिन्याच्या शेवटी गरम हवेच्या फुग्यांचा मेळा भरतो आणि फुगे थेट दरीतून वर येतात. त्या शनिवार-रविवारी खोली मिळणं कठीण, तेव्हा कितीतरी आधी ठरवा. हिवाळ्यासाठी प्रश्न १६ पाहा.

६. पायऱ्या किती? आई-बाबांचे गुडघे दुखतात, जमेल का?

गावातून देवळांपर्यंतच्या मोठ्या जिन्याला २१६ पायऱ्या. एकेकाळी यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढत आणि अजूनही क्वचित कुणीतरी तसं चढताना दिसतं. पायऱ्या रुंद आहेत, मध्ये थांबायला जागा आहे, पण सावली कमी.

गुडघ्यांचा त्रास असेल तर उलटा मार्ग धरा. गाडी माथ्यावर, किल्ल्याजवळच्या पार्किंगमध्ये लावा. तिथून तिरकी लिफ्ट देवळांपर्यंत उतरते आणि देवळांपासून दुसरी लिफ्ट गावातल्या रस्त्यावर. या दोन लिफ्ट वेगवेगळ्या आहेत आणि दोन्हींची तिकिटं वेगळी. एकाच तिकिटात सगळं होईल असं समजून बरेच जण मधल्या मजल्यावर अडकतात. देवळांच्या अंगणात थोड्या पायऱ्या उरतातच, त्यांना पर्याय नाही. चाकाच्या खुर्चीसाठी एकूण जागा अवघडच आहे.

चालता येत असेल पण चढ नको असेल, तर माथ्यावरून देवळांपर्यंत उतरणारी नागमोडी पायवाट घ्या. ती झाडांच्या सावलीत आहे आणि वळणावळणावर येशूच्या क्रूसयात्रेचे टप्पे उभारले आहेत. मला स्वतःला विचाराल तर खालून जिन्याने चढावं आणि याच वाटेने आणखी वर माथ्यावर जावं. लिफ्टने वरून आलं की ही जागा अशी का रचली आहे ते कळत नाही.

७. गाडी कुठे लावायची?

माथ्यावर किल्ल्याजवळ, लॉस्पितालेला, किंवा खाली दरीत. गावातला रस्ता पायी चालणाऱ्यांचा. दरीत गाडी लावली तर हंगामात छोटी पर्यटक-गाडी गावापर्यंत सोडते. फोटोसाठी मात्र लॉस्पितालेचं ठिकाण सर्वात चांगलं, तेही सकाळी, कड्यावर ऊन पडलेलं असताना.

८. देवळांत काय काय बघायचं? सगळी सारखीच वाटतात.

एका छोट्या अंगणाभोवती सात-आठ प्रार्थनास्थळं दाटीवाटीने बसवली आहेत, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. वेळ कमी असेल तर चार गोष्टी पाहा.

पहिली, नोत्र-दाम चॅपेलमधली काळी मेरी. पाऊण मीटरच्या आसपासची, कृश, ताठ बसलेली. गुडघ्यावर बाळ येशू आहे, पण तिने त्याला हाताने धरलेलं नाही. भरजरी अलंकारांची अपेक्षा ठेवून जाणाऱ्यांची निराशा होते. दोन मिनिटं शांत बसलात तर ती हळूहळू समजते. हे चॅपेल मूळचं नाही. १४७६ मध्ये वरचा खडक कोसळून आधीचं चिरडलं आणि त्यानंतर ते पुन्हा बांधलं गेलं.

दुसरी, त्याच चॅपेलच्या छताला टांगलेली जुनी लोखंडी घंटा. समुद्रात सापडलेल्या खलाशाने या मेरीचा धावा केला आणि तो वाचला, की ही घंटा आपोआप वाजते अशी श्रद्धा आहे. जवळपास समुद्र नसताना इथे जहाजांच्या छोट्या प्रतिकृती का टांगल्या आहेत हे कोडं त्यानेच सुटतं. ते खलाशांचे नवस आहेत. १५३५-३६ च्या हिवाळ्यात कॅनडात गोठलेल्या नदीकाठी झाक कार्तिए या दर्यावर्दीची माणसं स्कर्व्हीने मरत होती, तेव्हा त्यानेही रोकामादूरच्या मेरीला नवस बोलला होता.

तिसरी, सेंट मायकल चॅपेलच्या बाहेरच्या भिंतीवरचं बाराव्या शतकातलं भित्तिचित्र. कड्याच्या आडोशाला असल्यामुळे निळा रंग अजून टिकून आहे. मान वर करून पाहिलं नाही तर हमखास सुटतं.

चौथी, सेंट सोव्हर बॅसिलिका आणि तिच्याखालचं संत आमादूरचं तळघर. १९९८ मध्ये स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या यात्रामार्गांसोबत जागतिक वारशाच्या यादीत गेल्या त्या याच दोन वास्तू. ११६६ मध्ये चॅपेलच्या दाराशी एक जुना, न कुजलेला देह सापडला आणि तो संत आमादूरचा मानला गेला. मग चमत्कारांची ख्याती पसरली. ११७२ मध्ये १२६ चमत्कारांची पोथीच लिहिली गेली आणि राजे-राण्यांची रीघ लागली.

संपत्ती आली तशी लूटही आली. ११८३ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीचा बंडखोर मुलगा, धाकटा राजा हेन्री, याने भाडोत्री सैनिकांचे पगार भागवण्यासाठी हे देवस्थान लुटलं. काही दिवसांतच तो जवळच्या मार्तेल गावी आजारी पडून मेला. लोकांनी त्याचा अर्थ काय लावला हे सांगायला नको.

९. आम्ही ख्रिश्चन नाही. आत जाऊ देतात का? काही नियम?

कुणालाही जाऊ देतात, तिकीट नाही. चपला-बूट काढायचे नसतात, टोपी मात्र काढायची. खांदे झाकलेले असले तर बरं. प्रार्थना चालू असताना फिरू नका, मागे बसून राहिलात तर कुणाची हरकत नसते. फ्लॅश नको. मेणबत्ती लावायची तर शेजारच्या पेटीत तिचे पैसे टाकायचे. प्रसाद, नारळ, फुलं हा प्रकार नाही.

१०. कड्यात रुतलेली तलवार कुठे आहे? व्हिडिओत बघितली होती.

ती जून २०२४ मध्ये नाहीशी झाली. जमिनीपासून दहाएक मीटर उंचीवर होती, तरी कुणीतरी काढून नेली. दंतकथा अशी, की फ्रँक सम्राट शार्लमेनचा सरदार रोलाँ मरताना आपली ‘द्यूरांदाल’ तलवार शत्रूच्या हाती पडू नये म्हणून फेकतो आणि ती पिरेनीज पर्वतातून उडत येऊन या कड्यात रुतते. गेलेली तलवार अर्थातच आठव्या शतकातली नव्हती. तरी गावाला रुखरुख लागली, कारण गाइडची अर्धी गोष्ट तिच्यावर उभी होती. जुने व्हिडिओ पाहून ती शोधत बसू नका.

११. किल्ला आतून बघता येतो का?

नाही. इमारती देवस्थानाच्या वापरात आहेत, पाहता येते ती फक्त तटबंदी, किरकोळ तिकीट देऊन. किल्ल्याची बरीचशी बांधणी एकोणिसाव्या शतकातली आहे. तटावर उभं राहून सरळ खाली दरी दिसते, पण देवळं आणि घरं पायाखाली गेल्यामुळे गावाचा फोटो इथून मिळत नाही. उंचीची भीती असेल तर हे सोडलंत तरी काही बिघडत नाही.

१२. खालची नदी कोरडी का असते? फोटोत तर पाणी दिसतं.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. रोकामादूर ज्या पठारावर आहे त्याला कॉस म्हणतात. ही पांढरी चुनखडी आहे आणि पावसाचं पाणी तिच्यावर ठरत नाही. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्याला किंचित आम्ल करतो, ते पाणी भेगांतून खडक झिजवत खाली जातं आणि जमिनीखालून वाहू लागतं. आल्झू नदी ग्रामा गावाच्या पुढे दरीत शिरली की उन्हाळ्यात पात्रातच मुरून जाते. मोठा पाऊस झाला की काही दिवस भरून वाहते. मुरलेलं पाणी पुढे उइस नदीकाठी खोल निळ्या-हिरव्या झऱ्यांतून वर येतं.

हे एकदा लक्षात आलं की बाकीचं जुळतं. उभा कडा नदीने कापला, पाण्याने पोखरलेल्या पोकळ्या म्हणजे गुहा, आणि अशा एका पोकळीचं छत कोसळलं तिथे पादिराकचं विवर. वर माळावर पाणी नाही म्हणून शेती थोडी आणि मेंढ्या फार. इथल्या मेंढीच्या डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असतात, चष्मा घातल्यासारखी. रचलेल्या दगडांच्या कुंपणभिंती आणि मेंढपाळांच्या झोपड्या जागोजागी दिसतात.

चालायची आवड असेल तर आल्झूच्या दरीतून ग्रामाकडे जाणारी वाट घ्या. वाटेत पडक्या पाणचक्क्या लागतात. त्यातली मुलँ द्यू सो ही तर दरीत लटकल्यासारखी आहे. एका बाजूचं अंतर दहा-बारा किलोमीटर, म्हणून परतीची सोय आधी करा किंवा अर्ध्यातून मागे फिरा. पाणी सोबत घ्या. वाटेला नदी आहे म्हणून निघालात तर घसा कोरडा पडेल, का ते वर आलंच आहे.

१३. पादिराकचं विवर म्हणजे काय? घाबरण्यासारखं आहे का?

माळावर अचानक ३५ मीटर रुंदीचं भोक पडलेलं आहे, खोली ७५ मीटर. लोखंडी जिन्याने किंवा लिफ्टने तळाशी जायचं, मग भूगर्भातल्या नदीवर नावाडी होडीतून नेतो आणि पुढे पायी फिरायचं. तुम्ही जमिनीखाली १०३ मीटरवर असता. सर्वात मोठ्या दालनाचं छत ९४ मीटर उंच आहे आणि पाण्यावर लोंबणारा एक लवणस्तंभ साठ मीटरच्या घरातला.

गावकरी शतकानुशतकं या भोकाला सैतानाचं काम मानत. सैतानाने टाच आपटून भोक पाडलं आणि संत मार्टिनला आव्हान दिलं, संताच्या खेचराने ते एका उडीत ओलांडलं, अशी गोष्ट आहे. १८८९ मध्ये गुहा-संशोधक एदुआर-आल्फ्रेद मार्तेल साथीदारांसह दोरीच्या शिडीने उतरला आणि घडीच्या होडीतून नदीवर गेला. दहा वर्षांच्या आत सामान्य लोकांसाठी जिने बसले. आजवर चाळीस किलोमीटरहून जास्त भुयारं धुंडाळली गेली आहेत, तुम्हाला दिसतो तो त्यातला छोटासा तुकडा.

बंद जागेची भीती असणाऱ्यांनाही हे सहसा झेपतं, कारण दालनं प्रचंड आहेत. होडीचा भाग तेवढा अरुंद आहे. पायऱ्यांचं मात्र वेगळं. लिफ्ट तळापर्यंतच, आतल्या चढ-उताराच्या शेकडो पायऱ्यांना पर्याय नाही. प्रश्न ६ मधल्या आई-बाबांसाठी म्हणून मी लाकाव्ह सुचवेन (पुढचा प्रश्न). आत वर्षभर १३ अंश आणि ओलसर, बाहेर पस्तीस अंश असले तरी जाकीट हवंच. छतावरून ठिबकतं. बाबागाडी नेता येत नाही.

तिकीट ऑनलाइन, ठरलेल्या वेळेचं काढा. जागा पादिराक गावाजवळ आहे, रोकामादूरहून गाडीने पंधराएक किलोमीटर.

१४. सगळ्या गुहा बघणं शक्य नाही. कोणती निवडू?

भव्यता हवी तर पादिराक. पायऱ्या नको असतील तर लाकाव्ह, दहाएक किलोमीटरवर. आत विजेची छोटी रेल्वे नेते आणि स्थिर पाण्यात छताची प्रतिबिंबं पडतात. वीस मिनिटंच असतील तर लॉस्पितालेची ग्रोत दे मेर्वेई. १९२० मध्ये सापडलेली ही गुहा लहानशी आहे, पण भिंतीवर हाताचा ठसा आणि घोडे आहेत.

खऱ्या आदिम चित्रांसाठी मात्र काब्रेरेजवळचं पेश मेर्ल, गाडीने सुमारे एक तास. ठिपक्यांचे दोन घोडे, भोवती हातांचे ठसे, वय २९,००० वर्षांच्या आसपास. १९२२ मध्ये गावातल्या किशोरवयीन मुलांनी ही चित्रं शोधली. महत्त्वाचं म्हणजे इथे तुम्ही मूळ चित्रांसमोर उभे राहता. रोजची संख्या मर्यादित आहे, आरक्षण करूनच निघा. चित्रांसाठी जगप्रसिद्ध असलेली लास्कोची मूळ गुहा १९६३ पासून लोकांसाठी बंद आहे. श्वासातला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड चित्रांना मारत होते. तिथे दिसते ती २०१६ च्या अखेरीस उघडलेली उत्तम प्रतिकृती. दोन्हीपैकी एकच जमत असेल तर मी पेश मेर्लला जाईन.

१५. शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण हा बदकांचा मुलूख आहे. सॅलडमध्ये बदकाची जठरं, आणि ‘सार्लादेझ’ बटाटे हा निरुपद्रवी दिसणारा पदार्थ बदकाच्या चरबीत तळलेला. बटाट्याला हसून हो म्हणण्याआधी कशात तळलंय ते विचारा. गरम शेळी-चीजचं सॅलड सगळीकडे मिळतं, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, म्हणून ‘सां लार्दों’ सांगा. ऑम्लेट, गव्हाचे किंवा बकव्हीटचे डोसे म्हणता येतील असे क्रेप, पिझ्झा आणि अक्रोडाचा केक हे हाताशी असतं.

गावाच्या नावाचं चीज म्हणजे ३५ ग्रॅमची चपटी चकती, शेळीच्या कच्च्या दुधाची, १९९६ पासून भौगोलिक मानांकन असलेली. पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, कडक शाकाहाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. गरोदर महिलांनी कच्च्या दुधाचं चीज टाळलेलं बरं.

जेवणाच्या वेळा काटेकोर आहेत: दुपारी बारा ते दोन, रात्री सातनंतर. अडीचला पोहोचून ताट मिळेल असं धरू नका. दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’, मग बाकीचं. ते विसरलात तर समोरचा माणूस थंड पडतो आणि आपण फ्रेंच लोकांना उद्धट म्हणतो.

१६. नाताळच्या सुट्टीत येतोय, काय उघडं असेल?

देवळं, जिना आणि पायवाटा. बाकी बरंच बंद. पादिराक नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत बंद असतं, गावातली बहुतेक हॉटेलं आणि दुकानंही. दरीत धुकं भरतं तेव्हा गाव सुंदर दिसतं हे खरं, पण मुलांना घेऊन चार दिवस काढण्याजोगं ते नाही. एक रात्र ठेवा आणि सार्लासारख्या मोठ्या गावी मुक्काम करा.

१७. लहान मुलं जिना आणि देवळं बघून कंटाळतील. दुसरं काही?

माकडांचं जंगल. उत्तर आफ्रिकेतली दीडशेच्या आसपास बार्बरी मकाक माकडं वीस हेक्टरच्या झाडीत मोकळी फिरतात, पिंजऱ्याबाहेर ती आणि पायवाटेवर आपण. खाण्याच्या पिशव्या गाडीत ठेवा. शेजारी रोशे देझेगलला गरुड-गिधाडांचं उड्डाण दाखवतात, पक्षी दरीवरून झेपावत परत येतात. त्याच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या पाहून बाकीचा दिवस आखा. दोन्ही ठिकाणं हिवाळ्यात बंद असतात.

१८. टूरच्या बसने आलोय, फक्त तीन तास आहेत. काय करू?

बस वर लॉस्पिताले किंवा किल्ल्यापाशी सोडत असेल तर क्रूसयात्रेच्या वाटेने देवळांपर्यंत उतरा (प्रश्न ६), प्रश्न ८ मधल्या चार गोष्टी पाहा, मोठ्या जिन्याने गावात या आणि परत जाताना दोन्ही लिफ्ट घ्या. खाली सोडत असेल तर आधी जिना चढा, खरेदी शेवटी. तटबंदी, तलवार आणि स्मरणवस्तूंची दुकानं वगळा. पादिराक या तीन तासांत बसत नाही, कुणी बसवून देतो म्हणाला तरी. आणि बस कुठून परत निघणार, वरून की खालून, हे चालकाला उतरतानाच विचारून घ्या. या गावात चुकीच्या मजल्यावर उभं राहणं म्हणजे बस चुकणं.